तळ्याचा काठ नेमका कुठे? फोनमधल्या जीपीएसने पाणथळीची हद्द मोजताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, किंवा ज्यांचा हा भाग लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी गप्पा त्याच आहेत.

आजच्या विषयाचं मूळ तुमच्याच प्रश्नांत आहे. वेगवेगळ्या गावांतून साधारण एकाच अर्थाचे प्रश्न येतात: "आमच्या गावाबाहेरच्या तळ्यात डबर टाकून भराव चाललाय. तक्रार करायला गेलो तर विचारतात, तळं कुठपर्यंत आहे ते दाखवा. फोनमध्ये जीपीएस आहे. त्याने हद्द मोजता येईल का?"

थोडक्यात उत्तर: हो, येईल. पण जीपीएस तुम्हाला फक्त एवढंच सांगतं की तुम्ही कुठे उभे आहात. पाणथळ कुठे संपते, हे त्याला माहीत नसतं. ते आधी तुम्हाला जमिनीवर ओळखावं लागतं, मग फोनने नोंदवावं लागतं. बहुतेक लोक दुसऱ्या कामाची काळजी करतात आणि पहिलं काम गृहीत धरतात. खरी चूक पहिल्यातच होते. ती का, ते आज बघू.

काठ म्हणजे कुठला काठ?

एक खरी जागा घेऊ. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधारा आहे. त्यातूनच गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी यायला लागले. जानेवारी २०२० मध्ये ही जागा रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींची ही यादी, आणि तिच्यात आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. नोंदलेलं क्षेत्र आहे १,४३७ हेक्टर.

आता बघा, वरच्या अंगाला गंगापूर, दारणा अशी धरणं आहेत. पावसाळ्यात तिथून पाणी सुटलं की इथलं पाणी पसरतं. कालव्याला आवर्तन सुटलं की पातळी उतरते. म्हणजे ऑगस्टचा काठ वेगळा, जानेवारीचा वेगळा, मे महिन्याचा तर फारच वेगळा. तिथेच शेजारी खाणगाव थडी नावाचं गाव आहे. थडी म्हणजे काठ. गावाच्या नावातच काठ आहे, पण तो कुठल्या महिन्याचा?

तुम्ही मे महिन्यात पाण्याच्या कडेने फोन घेऊन चाललात, तर जीपीएस अगदी चोख रेषा काढून देईल. ती रेषा त्या दिवसाच्या पाण्याची असेल. पाणथळीची नसेल. कारण पाणी उतरल्यावर उघडा पडलेला चिखल हाही पाणथळीचाच भाग आहे. तुतवार आणि चिखल्या असले पक्षी खातात कुठे? त्या चिखलातच. पूर आला की जादा पाणी पसरतं कुठे? त्याच पट्ट्यात. आणि भराव आधी कुठे पडतो? तोही तिथेच, कारण उन्हाळ्यात तो पट्टा कोरडा दिसतो आणि "इथे कुठे तळं आहे?" असं म्हणायला सोपं जातं.

कायदा काय म्हणतो?

२ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर शहरात पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातली व्याख्या बरीच मोकळी आहे: नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, कायमची असो वा हंगामी, पाणी साचलेलं असो वा वाहतं, गोडं असो वा खारं. "हंगामी" हा शब्द लक्षात ठेवा.

आपल्याकडे २०१७ चे पाणथळ संवर्धन आणि व्यवस्थापन नियम आहेत. त्यात नद्यांची पात्रं, भातखाचरं आणि पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणूक यांसाठी खास बांधलेले तलाव वगळलेत. रामसर यादीतल्या आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींना हे नियम लागू होतात. त्यातला एक नियम आपल्या कामाचा: नियम लागू झाले तेव्हापासून मागच्या १० वर्षांत दिसलेल्या पूरपातळीची सरासरी काढायची आणि त्या रेषेपासून ५० मीटरांच्या आत बोटींचा धक्का सोडून कायम स्वरूपाचं बांधकाम करायचं नाही.

म्हणजे नियमसुद्धा आजच्या पाण्यापासून मोजत नाही. वरच्या पाण्यापासून मोजतो. मेच्या काठापासून ५० मीटर मोजले आणि खरी पूररेषा त्याच्याही पलीकडे असली, तर तुम्ही ज्याला "संरक्षित पट्टा" म्हणताय तो सगळा तळ्याच्या आतच आहे!

तुमचं तळं सिंचनाचं असेल आणि या नियमांत बसत नसेल, तरी निराश होऊ नका. गावाच्या सामाईक जागांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग खटल्याचा निकाल आहे. पंजाबातल्या एका गावात तळं बुजवून घरं बांधली होती. न्यायालयाने ते अतिक्रमण हटवायला सांगितलं आणि राज्यांनाही अशा जागा मोकळ्या करायच्या योजना आखायला सांगितल्या. कोकणातल्या मंडळींसाठी एक सूचना: खाडी, खारफुटी, भरतीरेषा यांना किनारपट्टीचे वेगळे नियम आहेत आणि भरतीरेषा अधिकृत संस्थाच आखतात. ते आणि हे एकत्र करू नका.

नकाशावर तुमचं तळं आहे का?

अहमदाबादला इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर आहे. त्यांनी उपग्रहांच्या चित्रांवरून देशभरातल्या पाणथळींचा नकाशासंग्रह केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळी आहेत. त्याहून लहान अशा ५,५५,५५७ जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्यात.

हा २.२५ चा आकडा कुठून आला असेल? गणित सोपं आहे. नकाशाचं प्रमाण १:५०,००० आहे. २.२५ हेक्टर म्हणजे १५० मीटर बाय १५० मीटर. १५० मीटर भागिले ५०,००० केलं की येतात ३ मिलिमीटर. म्हणजे कागदावर ३ मिलिमीटरचा चौकोन. त्याहून लहान आकार त्या नकाशावर नीट काढताच येत नाही. तुमच्या गावचं तळं एक हेक्टरचं असेल तर राष्ट्रीय नकाशावर त्याला काठच नाही, फक्त ठिपका आहे.

नंतरच्या नकाशासंग्रहात मोठ्या पाणथळींची संख्या २,३१,१९५ झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की या जागांची प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन पडताळणी करा आणि हद्दी आखा, त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. वरून दिसलेलं खाली जाऊन तपासायचं, आणि खाली गेल्यावर "मी नेमका कुठे उभा आहे" हे सांगायला लागतं जीपीएस. आता त्याच्याकडे वळू.

निळा ठिपका येतो कुठून?

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत सांगत असतो, "मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत." हा रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तुमच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. संदेश निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यातल्या फरकावरून फोन अंतर काढतो.

तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा कळायला हवी. पण फोनचं घड्याळ साधं असतं, आणि एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक म्हणजे अंतरात ३० सेंटिमीटरची चूक. म्हणून चौथा उपग्रह लागतो, फोनच्या घड्याळाची चूक काढायला. अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ: चार अज्ञात, चार समीकरणं. दहावीच्या बीजगणिताचा थोरला भाऊच म्हणा.

तुमचा फोन एकट्या अमेरिकी जीपीएसवर अवलंबून नसतो. रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेईडू हेही तो ऐकतो. बऱ्याच नव्या फोनमध्ये आपलं इस्रोचं नाविकही आहे. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून नाविकने एल-१ ही जगभर वापरली जाणारी वारंवारता सुरू केली, त्यामुळे छोट्या उपकरणांत ते बसवणं सोपं झालं.

आणि हो, याला इंटरनेट लागत नाही. फोन फक्त ऐकतो, उपग्रहाकडे काही पाठवत नाही. नेटवर्कमुळे पहिला ठिपका लवकर मिळतो इतकंच. रेंज नसलेल्या माळावरही थोडं थांबलात तर ठिपका येतो.

पाच मीटरची चूक किती मोठी?

मोकळ्या आकाशाखाली साधारण स्मार्टफोनची चूक पाचेक मीटर धरायची. झाडांखाली, इमारतीजवळ ती वाढते, कारण संदेश कशावर तरी आपटून, लांबच्या वाटेने येतो आणि फोनला अंतर जास्त वाटतं. दुसरं कारण आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर. तो संदेशाला उशीर करतो, आणि विषुववृत्ताजवळच्या आपल्या भागात त्याचा त्रास जास्त. दुपारी हा परिणाम वाढतो, म्हणून मोजायला सकाळ बरी. फोन दोन वारंवारता ऐकणारा असेल, म्हणजे एल-१ आणि एल-५, तर दोन्हींच्या उशिरातल्या फरकावरून ही चूक बरीचशी काढता येते. असा पहिला फोन २०१८ मध्ये आला, आता मध्यम किमतीतही मिळतात.

निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघितलंय ना? अँड्रॉइडवर त्याचा अर्थ असा: तुम्ही त्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के. म्हणजे तीनात एकदा तुम्ही वर्तुळाबाहेर असू शकता. ते कुंपण नाही, अंदाज आहे.

आता मजेदार भाग. एक हेक्टरचं चौकोनी तळं घ्या, १०० बाय १०० मीटर. हद्द चारी बाजूंनी पाच मीटर आत सरकली तर उरतं ९० बाय ९०, म्हणजे ०.८१ हेक्टर. १९ टक्के तळं गेलं! तीच चूक एक किलोमीटर लांबीरुंदीच्या जलाशयात केली तर जातात जेमतेम दोन टक्के. आणि १५० बाय १५० चं, म्हणजे बरोबर २.२५ हेक्टरचं तळं? ते होतं १४० बाय १४०, म्हणजे १.९६ हेक्टर. नकाशावरच्या आकारातून थेट ठिपक्यात! लहान तळ्यांना काठावरची चूक अशी महागात पडते.

पण थांबा. जीपीएसची चूक चारी बाजूंनी आतच जाते का? नाही. ती कधी आत, कधी बाहेर जाते, किंवा सगळी आकृती एकाच बाजूला थोडी सरकते. क्षेत्रफळात तिचा बराचसा भाग कटतो. चारी बाजूंनी आतच जाणारी चूक माणूस करतो: उन्हाळ्यात मोजतो, चिखलाचा पट्टा सोडतो, बेशरमाच्या झुडपांना वळसा नको म्हणून पाण्याच्या बाजूने चालतो. ही चूक सरासरीने कटत नाही. कितीही महाग यंत्र आणलं तरी कटत नाही. सेंटिमीटरपर्यंत अचूक यंत्राने चुकीचा काठ मोजला, तर हाती येतो तो सेंटिमीटरपर्यंत अचूक असा चुकीचा काठ.

उंचीवर विश्वास नको

काहीजण म्हणतील, पूरपातळी म्हणजे उंचीच ना? मग फोनमधली उंची बघून तेवढ्याच उंचीवरून चालत जाऊ. इथे मोठा घोळ आहे.

एक, जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त असते. उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखालून कोणी संदेश देत नाही. दोन, जीपीएस मुळात उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती गुळगुळीत आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. महाराष्ट्रात या दोन्हींत ५० मीटरांहून जास्त फरक आहे. काही ॲप तो दुरुस्त करून दाखवतात, काही करत नाहीत.

तीन, आणि सर्वांत महत्त्वाचं: तळ्याचा काठ सपाट असतो. शंभर मीटर चाललं की एक मीटर चढ, असा उतार धरा. मग उंचीत ३० सेंटिमीटरची चूक झाली की जमिनीवर काठ ३० मीटर सरकतो. फोनच्या उंचीतली चूक तर मीटरांत असते. तेवढ्यात अख्खा पट्टा गायब.

मग करायचं काय? पाण्यालाच करू द्या. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीची पातळी धरतो ना? तेच तत्त्व. साचलेलं पाणी आपोआप समपातळीत असतं. पावसाळ्यात तळं भरून पाणी जिथवर टेकलं, ती रेषा सगळीकडे एकाच उंचीची. उंचीचं मोजमाप पाण्याने करून ठेवलेलं असतं. आपण त्या रेषेवरून चालायचं आणि जीपीएसने फक्त तिची जागा लिहून घ्यायची.

पाणी उतरल्यावर रेषा कशी ओळखायची?

पाणी उतरलं तरी ते खुणा सोडून जातं. पहिली खूण कचऱ्याची: काटक्या, वाळकं गवत, प्लॅस्टिक, जलपर्णीचे वाळलेले झुबके एका ओळीत पडलेले दिसतात. दुसरी, बाभळीच्या खोडावर, विजेच्या खांबावर, जुन्या भिंतीवर गाळाचा डाग. तिसरी, वनस्पती. पाणकणीस आणि लव्हाळा ओलीत राहतात. त्यांच्या जागी रानातलं कोरडं गवत सुरू होतं तो बदल बघा. चौथी, माती. वर्षातला बराच काळ पाण्याखाली असलेली माती करडी पडते, तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके दिसतात, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. आपल्या काळ्या मातीत रंग ओळखणं अवघड जातं, तेव्हा एकट्या मातीवर अवलंबून राहू नका.

पाचवी खूण माणसांची. काठावर गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला, मासेमारी करणाऱ्या काकांना, गुरं पाण्यावर नेणाऱ्या मावशींना विचारा: "गेल्या दहा वर्षांत पाणी कुठवर आलं होतं?" सरासरी पूरपातळीच्या नियमाला हीच तर माहिती लागते. तीनचार जणांना वेगवेगळं विचारा. सगळ्यांची बोटं एकाच बांधाकडे वळली तर तो बांध नोंदवा. जलसंपदा विभागाची पातळीची नोंद मिळाली तर उत्तमच. मात्र नदीकाठची निळी आणि लाल पूररेषा म्हणजे पाणथळीची हद्द नव्हे. त्या अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषा आहेत.

जुन्या वर्षांसाठी उपग्रहाची चित्रं वापरा. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार कामी येतं, त्याला ढगांपलीकडचं दिसतं. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरही बघता येतं. चित्रावरची रेषा आणि तुमची पायी काढलेली रेषा जुळली तर तुमचं म्हणणं भक्कम होतं. जुळली नाही, तर न जुळलेल्या जागी पुन्हा जायचं.

आता चालायला लागू

आधी हा प्रयोग घरीच करा. फोन गच्चीवर एका जागी ठेवून दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांश लिहा, तासभर. आकडे किती नाचतात ते बघा. तुमच्या फोनची खरी चूक तुम्हाला कळेल, आणि पुढे कोणी विचारलं तर सांगताही येईल.

प्रत्यक्ष कामासाठी माझी पद्धत अशी:

१. वेळ निवडा. पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुणा ताज्या असतात. मेमध्ये दुसरी फेरी करा. दोन रेषांमधला पट्टा, म्हणजे हंगामी पाणथळ, हाच तुमचा सर्वांत महत्त्वाचा शोध.

२. नुसता चालत्या मार्गाचा माग घेऊ नका. दर २०-२५ मीटरांवर आणि प्रत्येक वळणावर थांबा. एक-दोन मिनिटं फोन छातीच्या उंचीवर स्थिर धरा, वर्तुळ लहान होऊ द्या, मग बिंदू नोंदवा. क्यूफील्डसारखी फुकट ॲप यासाठी आहेत.

३. प्रत्येक बिंदूला चार गोष्टी लिहा: तारीख-वेळ, ॲपने दाखवलेली चूक मीटरमध्ये, कुठल्या खुणेवरून बिंदू ठरवला, आणि फोटो. "बिंदू १४, कचऱ्याची ओळ आणि बाभळीवर डाग, चूक ४ मीटर." बस, इतकंच. पण या एका ओळीमुळे बिंदूला पुराव्याचं वजन येतं.

४. अक्षांश-रेखांश दशांशात लिहा, पाच स्थळांपर्यंत. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. चारच लिहिलीत तर ११ मीटरांचा ढोबळपणा येतो. आठ लिहून उपयोग नाही, फोनला तेवढं कळतच नाही.

५. न हलणाऱ्या खुणांवर बिंदू घ्या: मंदिराचा कोपरा, पूल, विहीर, सर्व्हेचा दगड. पुढे कोणी दुसऱ्या यंत्राने तेच मोजलं, तर तुमची आकृती किती सरकली होती ते काढता येतं.

६. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका. त्यात फोटोतली जागेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ प्रत जपा.

आणि जिवाला जपा. गाळात एकट्याने उतरू नका, साप असतात, पाय रुततो. खासगी शेतातून जाताना मालकाला विचारा. अभयारण्यात वनविभागाची परवानगी लागते.

जुना नकाशा, नवी मोजणी

तुमचे बिंदू जुन्या छापील नकाशावर ठेवलेत आणि तळं भलतीकडेच दिसलं, तर घाबरू नका. जीपीएस पृथ्वीचा जो गणिती आकार धरतं त्याचं नाव डब्ल्यूजीएस-८४. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापावर बेतलेले आहेत, हे माप १८३० चं. एकच अक्षांश-रेखांश दोन्हींवर वेगळ्या जागी पडतात, फरक शंभर मीटरच्या घरात जाऊ शकतो. क्यूजीआयएससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे रूपांतर होतं. ते न करता "तळं सरकलं" किंवा "अतिक्रमण झालं" असं म्हणू नका.

मग शासकीय मोजणी वेगळी कशी? भूमी अभिलेखचे भूकरमापक हल्ली रोव्हर वापरतात. सर्व्हे ऑफ इंडियाची कायमस्वरूपी केंद्रं आहेत, त्यांना कॉर्स म्हणतात. या केंद्रांची जागा आधीच पक्की माहीत असते, त्यामुळे उपग्रहाच्या संदेशात आत्ता किती चूक येतेय ते त्यांना लगेच कळतं. ती दुरुस्ती मोबाईल नेटवर्कवरून रोव्हरला मिळते आणि चूक काही सेंटिमीटरांवर येते. तुमचा फोन याची जागा घेऊ शकत नाही. गट नंबरची कायदेशीर हद्द अशाच मोजणीने ठरते.

मग फोनच्या बिंदूंचा उपयोग काय? सांगतो. रोव्हर घेऊन आलेला माणूस तासाभरात विचारेल, "कुठून कुठवर मोजू?" त्या वेळी तळं कोरडं असेल, खुणा पुसल्या गेल्या असतील, कदाचित भराव पडलेला असेल. तुमच्याकडे ऑक्टोबरचे तीस बिंदू, तीस फोटो आणि तीस कारणं असतील, तर रोव्हर योग्य जागी टेकेल. सेंटिमीटरची अचूकता नंतर विकत घेता येते. गेल्या पावसाळ्यातली पाण्याची खूण नंतर विकत मिळत नाही.

नकाशे करायला भीती बाळगायचंही कारण नाही. फेब्रुवारी २०२१ पासून केंद्राच्या नव्या धोरणाने भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशाची माहिती गोळा करायला आधीची पूर्वपरवानगी लागत नाही, संवेदनशील ठिकाणांचे निर्बंध तेवढे पाळायचे.

शेवटी कागद. महाभूनकाशावरून गावनकाशा घ्या, तुमचे बिंदू त्यावर ठेवा, कोणत्या गट नंबरांतून रेषा जाते ते लिहा, सातबाऱ्यावर पोटखराब्याची नोंद आहे का बघा. ही टिपणी फोटोंसह ग्रामसभेत मांडा, तहसीलदारांना द्या, जिल्हाधिकारी कार्यालयात पोच घ्या. आणि टिपणीत फोनची चूक लपवू नका. "चूक ५ मीटर" असं स्पष्ट लिहिलेल्या रेषेला खोडून काढणं अवघड असतं. चुकीचा उल्लेखच नसलेली रेषा पहिल्याच प्रश्नात पडते.

तर मंडळी, यंदा पाऊस ओसरला की एक रविवार काढा. दोघं-तिघं मिळून आपल्या गावच्या, आपल्या सोसायटीमागच्या एखाद्या तळ्याभोवती चक्कर मारा आणि पाणी कुठवर आलं होतं ते लिहून ठेवा. ज्या तळ्यावर आत्ता कोणाचा डोळा नाही, तिथूनच सुरुवात करा. भांडण उभं राहायच्या आधी काढलेली रेषा सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. फोनच्या प्रयोगात तुमचे आकडे किती नाचले तेही कळवा, पुढच्या भागात तुलना करू. भेटूया!